राणी माशाची वीण आणि नर-मादी प्रमाण: बाजारातल्या खोक्यापासून निष्कर्षापर्यंत

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये एक वाक्य वारंवार वाचायला मिळतं: 'नर-मादी प्रमाण १:१.३ आढळले, सबब मादी अधिक.' त्याच्याच खाली दुसरं: 'अमुक महिन्यात गाभोळी सर्वांत जड होती, सबब तो विणीचा हंगाम.' मेहनत खरी असते, मासेही खरे असतात, पण ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा टिकत नाहीत. गणित चुकलेलं नसतं. मासे निवडले कसे आणि नोंदी कोणत्या क्रमाने केल्या, तिथेच चूक झालेली असते. एकदा पोट फाडल्यावर ती दुरुस्त करता येत नाही.

नाशिकमध्ये बसून समुद्रातल्या माशाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला राणी मासा घेतला आहे. हा गुलाबी, अंगावर पिवळ्या रेघा असलेला मासा खंडीय मंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या) तळाशी, साधारण ८० मीटर खोलीपर्यंत राहतो आणि ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणावर येतो. परवडणारा आहे, बहुतेक महिने मिळतो आणि आकाराने बेताचा असल्यामुळे एका बैठकीत बरेच मासे हाताळता येतात. पद्धत मात्र दुसऱ्या कुठल्याही समुद्री माशाला लागू पडेल. गंगापूर धरणातल्या कटला-रोहूला ती जशीच्या तशी लावू नका. ते मासे पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यावर वितात आणि धरणात त्यांचं बोटुकली-बीज बाहेरून आणून सोडलेलं असतं. त्यांचे प्रश्नच वेगळे.

१. आधी प्रश्न कागदावर, मग बाजारात

'राणी माशाचं प्रजनन' हा प्रश्न नव्हे. खालच्यापैकी नेमकं काय शोधायचं आहे ते ठरवा, कारण प्रत्येकाला नमुना वेगळा लागतो.

- वीण कोणत्या महिन्यांत होते? यासाठी दर महिन्याचे प्रौढ मासे हवेत, लहानांची गर्दी नको.
- नर-मादी प्रमाण काय? यासाठी कुठलीही निवड न केलेला माल हवा.
- किती लांबीला मासा पहिल्यांदा पक्व होतो? यासाठी विणीच्या हंगामातले, अगदी लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या लांबीचे मासे हवेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे नमुने एकमेकांशी भांडतात. पक्वतेसाठी प्रत्येक लांबी-गटातून ठरावीक मासे उचलले, तर त्यांच्यावरून नर-मादी प्रमाण काढता येत नाही, कारण गटांचं प्रमाण तुम्ही ठरवलेलं असतं, समुद्राने नाही. दोन्ही हवं असेल तर दोन स्वतंत्र नोंदवह्या ठेवा. एका खोक्यातले सगळे मासे पहिल्या वहीत. कमी पडलेल्या लांबीचे मुद्दाम वेचून आणलेले दुसऱ्या वहीत.

विभागाची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्या. विच्छेदनाबाबत विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे नियम असतात. मासा मेलेला आणि बाजारातला असला तरी परवानगीचा कागद प्रकल्पाला जोडलेला असावा.

२. माल कुठून आला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

नाशिकला समुद्र नाही. इथे येणारी राणी मुंबईहून कसारा घाट चढून येते, तशीच गुजरातच्या वेरावळकडूनही येऊ शकते. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर ट्रॉलरचा माल उतरतो, आणि ते ट्रॉलर अनेकदा बरेच दिवस समुद्रात राहून परततात. म्हणजे तुमच्या हातातला मासा आज सकाळी पकडलेला नसतो. तो किती दिवस बर्फात होता आणि कोणत्या किनाऱ्याचा आहे, या दोन गोष्टी माहीत नसतील तर पुढची प्रत्येक नोंद हवेत राहते.

एकच व्यापारी किंवा एकच मासळीवाली पक्की करा आणि वर्षभर तिथूनच घ्या. पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला: 'मावशी, मला कापलेले नकोत, निवडलेले नकोत. खोका मुंबईचा की वेरावळचा, एवढं तेवढं सांगत जा.' बहुतेक जणी आनंदाने सांगतात. ज्या दिवशी उत्तर मिळणार नाही, त्या दिवशी 'बंदर: अज्ञात' असं लिहा आणि तो गट विश्लेषणात वेगळा ठेवा.

बंदीच्या महिन्यांचा सापळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तरीही त्या काळात नाशिकच्या बाजारात राणी दिसू शकते. ती शीतगृहातली जुनी असेल किंवा पूर्व किनाऱ्याची असेल, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते आणि त्यानंतर तिकडच्या बोटी सुरू होतात. जुलैत घेतलेला मासा बंगालच्या उपसागरातला असेल आणि तुम्ही तो अरबी समुद्राच्या आलेखात जूनच्या आणि ऑगस्टच्या मध्ये बसवलात, तर आलेख सुंदर दिसेल आणि पूर्ण चुकीचा असेल. जून-जुलै रिकामे सोडा. रिकामी जागा ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

३. खोक्यातून मासे उचलण्याची रीत

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बिघडतात. म्हणून इथे थोडं थांबतो.

मासळी तुमच्यापर्यंत येईतो तिची निदान दोनदा निवड झालेली असते. बंदरावर मोठा माल वेगळा होतो, लहान वेगळा. मग बाजारात गिऱ्हाईक येतं आणि 'गाभोळीचे द्या' म्हणतं; मासळीवाली पोट दाबून फुगीर मासे बाजूला काढते. सकाळी अकरा वाजता तुम्ही पोहोचलात तर पाटीत उरलेल्या माशांमध्ये भरल्या पोटाच्या माद्या कमी असणारच. त्यावरून 'नर अधिक' असा निष्कर्ष निघाला, तर तो नाशिकच्या गिऱ्हाइकांच्या आवडीबद्दल असतो, माशाबद्दल नाही.

म्हणून:

- खोका फुटताना हजर राहा. वेळ पहाटेची असते, तयारी ठेवा.
- एका खोक्यातले वरून खालपर्यंतचे सगळे मासे घ्या. सगळे परवडत नसतील तर वरचे, मधले आणि तळातले असे तिन्ही थर घ्या. लहान मासे हलताना खाली सरकतात. फक्त वरचे घेतलेत तर मोठेच मिळतील.
- एका दिवशी एकाच खोक्यातून शंभर मासे घेण्यापेक्षा महिन्यात चार वेगवेगळ्या दिवशी पंचवीस-पंचवीस घ्या. एकाच जाळ्याच्या ओढीत आलेले मासे एकाच थव्यातले असतात आणि थव्यात नर किंवा माद्या एकवटलेल्या असू शकतात. शंभर माशांचा एक थवा म्हणजे जवळजवळ एकच निरीक्षण.
- माल कोणत्या प्रतीचा होता (मोठा, मध्यम, लहान, मिश्र) ते त्या दिवसाच्या पानावर सगळ्यात वर लिहा. शक्य असेल तिथे मिश्र मालच घ्या.

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर मासे, वर पुन्हा बर्फ. मासे वितळलेल्या पाण्यात तरंगू देऊ नका. खोक्याला खाली भोक पाडून निचरा ठेवा. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या उन्हात दुचाकीवर उघडी पिशवी नेलीत तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पोटं मऊ पडलेली असतील. आणि मासे घरच्या फ्रीजरमध्ये 'उद्या बघू' म्हणून टाकू नका. गोठून वितळलेली जननग्रंथी फुटते, तिच्यातून पाणी सुटतं, वजन कमी भरतं आणि अंड्यांचे आकार बिघडतात.

*इथे तपासा:* दिवसाच्या पानावर तारीख, विक्रेता, बंदर, मालाची प्रत, खोका फुटलेला की अर्धा विकलेला, आणि बर्फातले अंदाजे दिवस लिहिले आहेत का? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाण्याआधी फोन करून विचारा. आठवड्याने कुणालाच आठवत नाही.

४. राणी म्हणजे एकच जात नव्हे

बाजारात 'राणी' या नावाखाली निमिप्टेरस वंशाच्या एकाहून अधिक जाती एकत्र विकल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर प्रामुख्याने दोन पाहाव्या लागतात: निमिप्टेरस जॅपोनिकस आणि निमिप्टेरस रँडाली. दोघींची वाढ आणि पक्व होण्याची लांबी वेगळी. त्या मिसळल्या तर एकही आकडा खरा राहत नाही.

ताज्या माशावर ओळख सोपी आहे. जॅपोनिकसच्या शेपटीच्या वरच्या पातीचं टोक पिवळं असतं आणि त्याला छोटा पिवळा तंतू असतो. अंगावर अकरा-बारा सोनेरी पिवळ्या रेघा आणि कल्ल्याच्या मागे, पार्श्वरेषा (कुशीवरून शेपटीकडे जाणारी खवल्यांवरची रेघ) सुरू होते तिच्या जरा खाली, लालसर झाक असलेला पिवळा डाग असतो. रँडालीच्या शेपटीचा तंतू लांब आणि लालसर गुलाबी. बर्फात रंग झपाट्याने उडतो आणि तंतू तर खोक्यातच तुटतात, म्हणून हे काम सर्वांत आधी करा आणि प्रत्येक माशाचा क्रमांकासह फोटो काढून ठेवा. खात्री नसेल तर 'निमिप्टेरस, जात अनिश्चित' असं लिहून तो मासा बाजूला ठेवा. अंदाजाने जातीत घालू नका.

५. लांबी आणि वजन

वर सांगितलेला तंतू इथेही त्रास देतो. शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर एका माशात तंतू धरला जातो आणि दुसऱ्यात तुटलेला असल्याने धरला जात नाही. राणीसाठी शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मोजा. तोंड मिटलेलं, मासा डाव्या कुशीवर, नाक मोजपट्टीच्या उभ्या फळीला टेकलेलं. मिलिमीटरमध्ये लिहा, गोलाई करू नका. पूर्ण लांबी हवीच असेल तर तंतू वगळून मोजा आणि अहवालात तसं लिहा.

वजनाआधी मासा कापडाने पुसा, कल्ल्यात अडकलेला बर्फ काढा. मग पूर्ण वजन. माशासाठी ०.१ ग्रॅमचा काटा चालतो. जननग्रंथीसाठी मात्र ०.००१ ग्रॅमचा लागतो. वृषण इतकं बारीक असतं की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते शून्य दाखवेल.

६. पोट उघडणं आणि नर-मादी ओळखणं

बोथट टोकाची कात्री गुदद्वारात किंचित घाला आणि पोटाच्या मधल्या रेषेने डोक्याकडे कापत चला. टोक वर उचलून धरा, आत खुपसू नका. गुदद्वाराजवळ जननग्रंथीची नळी अगदी कडेला असते. घाईत पहिला काप खोल गेला की मागचा तुकडा तुटतो आणि वजन कमी भरतं.

आतडी आणि कोठा हलक्या हाताने एका बाजूला सारा. जननग्रंथी दोन असतात, वरच्या अंगाला, हवेच्या पिशवीखाली, कण्याला समांतर आणि मागे एकत्र येऊन गुदद्वाराकडे जाणाऱ्या. अंडाशय गोलसर नळीसारखं, पिवळट ते नारिंगी-गुलाबी. पक्व झालं की नुसत्या डोळ्यांना दाणे आणि वर पसरलेल्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. वृषण चपटं, पांढरं, कडेने धारदार आणि दाणे नसलेलं.

नवख्यांची इथली नेहमीची चूक म्हणजे चरबीला वृषण समजणं. चरबीही पांढरट-पिवळी असते, पण ती आतड्याला चिकटून असते आणि आतडं ओढलं की त्याच्याबरोबर बाहेर येते. वृषण वरच्या भिंतीलाच राहतं. शंका आली की आतडं ओढून बघा.

लहान माशांमध्ये दोन्ही जननग्रंथी पारदर्शक धाग्यांसारख्या दिसतात. तिथे डोळ्याने ठरवू नका. धाग्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर घ्या, अॅसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याचा थेंब टाका, आच्छादनकाच ठेवून हलकेच दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या तर मादी. तरीही कळलं नाही तर 'अनिश्चित' असं लिहा.

सावधान: 'अनिश्चित' मासे नरांत ढकलू नका. 'दाणे दिसले नाहीत म्हणजे नर' हा विचार अनेक प्रकल्पांत गुपचूप शिरतो आणि लहान लांबी-गटात नर फुगवतो. अनिश्चितांची संख्या वेगळी द्या आणि गुणोत्तरातून वगळा.

७. पक्वतेची पायरी

सात पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मापनपद्धत आहे, पण बाजारातल्या बर्फातल्या माशावर सात पायऱ्या प्रामाणिकपणे वेगळ्या करणं अवघड जातं. माझ्या मते विद्यार्थ्यांनी पाचच वापराव्यात:

१) अपक्व: धाग्यासारखी, पारदर्शक, दाणे नाहीत.
२) वाढीला लागलेली: पोटाच्या पोकळीच्या निम्म्यापर्यंत, बारीक, अपारदर्शक दाणे.
३) पक्व: पोकळीचा बहुतेक भाग व्यापलेला, दाणे ठळक, रक्तवाहिन्या भरलेल्या.
४) विण्याच्या बेतात: अपारदर्शक दाण्यांत मोठी, पाणीदार, काचेसारखी अंडी मिसळलेली.
५) विलेली: पिशवी ढिली, लालसर, सुरकुतलेली, आत उरलेली थोडी अंडी.

चौथ्या पायरीच्या माद्या सगळ्यात मोलाच्या. अंड्यात पाणी भरणं विण्याच्या अगदी थोडा वेळ आधी होतं, त्यामुळे अशी मादी सापडली म्हणजे पकडली तेव्हा ती विण्याच्या उंबरठ्यावर होती. अशा माद्या कमीच मिळतील. मिळाली की फोटो, क्रमांक आणि जननग्रंथी वेगळ्या बाटलीत.

उलट, नराचं पोट दाबून पांढरा द्रव आला म्हणून 'विण्याच्या बेतात' असं लिहू नका. बर्फात दिवस काढलेल्या माशाच्या ऊती विरघळायला लागतात आणि दाबलं की तसाही पांढरट द्रव येतो.

*इथे तपासा:* वीस माशांची पायरी एका सोबत्याकडून, तुमची नोंद न दाखवता, पुन्हा ठरवून घ्या. चारपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाला तर व्याख्या पुन्हा वाचा आणि मगच पुढचे मासे घ्या. हे काम पहिल्याच महिन्यात करा, अकराव्या नव्हे.

८. जननग्रंथी निर्देशांक: सूत्र सोपं, वापर अवघड

जननग्रंथीचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले १००. कोणतं वजन? पूर्ण वजन घेतलं तर कोठ्यातलं खाणं त्यात येतं. समजा माशाचं वजन १२० ग्रॅम, अंडाशय ३.६ ग्रॅम: निर्देशांक ३.०. तोच मासा आतडी-कोठा आणि अंडाशय काढल्यावर १०८ ग्रॅम भरला तर निर्देशांक ३.३. त्याने सकाळी कोळंबी खाल्ली की नाही यावरून आकडा हलतो. म्हणून साफ केलेल्या माशाचं वजन वापरा आणि वर्षभर तेच वापरा.

क्रम असा: पूर्ण वजन, काप, लिंग, पायरी, जननग्रंथी बाहेर, टिपकागदावर ठेवून वजन, मग आतडी-कोठा बाहेर, साफ वजन. जननग्रंथी फॉर्मेलिनमध्ये घालण्याआधी वजन करा. फॉर्मेलिनने वजन बदलतं. अर्ध्या नमुन्यांचं आधी आणि अर्ध्यांचं नंतर केलंत तर दोघांची तुलना होत नाही.

आता दोन चुका ज्या जवळपास प्रत्येक आलेखात असतात.

पहिली: महिन्याच्या सरासरीत अपक्व मासेही धरणं. ऑक्टोबरात लहान माल जास्त आला की सरासरी खाली येते आणि 'वीण संपली' असं वाटतं. पहिल्या पक्वतेच्या लांबीपेक्षा मोठे मासेच सरासरीत घ्या. नर आणि माद्यांचे आलेख वेगळे काढा.

दुसरी: शिखर म्हणजे वीण असं मानणं. निर्देशांक चढतो तेव्हा मासा तयारी करत असतो. वीण होते तेव्हा तो उतरतो. राणी तर एका हंगामात टप्प्याटप्प्याने अनेकदा अंडी सोडणारा मासा आहे. पहिली खेप सोडली की निर्देशांक पडतो, दुसरी तयार होताना पुन्हा चढतो, आणि बाजारात या सगळ्या अवस्थांतल्या माद्या एकत्र मिळतात. अशा माशासाठी निर्देशांक एकटा पुरत नाही. त्याच्याशेजारी दर महिन्यातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या माद्यांची टक्केवारी मांडा. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या माद्या ज्या महिन्यांत दिसतात, ते विणीचे महिने. निर्देशांक त्याला दुजोरा देतो, निर्णय देत नाही.

९. अंड्यांचा व्यास

१० टक्के फॉर्मेलिन म्हणजे बाजारात मिळणारं फॉर्मेलिन १ भाग आणि पाणी ९ भाग. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि धूरशोषक कपाट असेल तर त्यातच काम. वापरलेलं फॉर्मेलिन मोरीत ओतू नका. महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये साठवा. गिलसनचा द्राव जुन्या पुस्तकांत सापडेल. त्यात पाऱ्याचं क्लोराइड असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

अंडाशयाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून थोडी थोडी अंडी घ्या. नेत्रकाचेतल्या मायक्रोमीटरचं (बारीक मोजपट्टीचं) स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे अचूक अंतरं कोरलेल्या काचपट्टीशी, मापन करा आणि भिंग बदललं की पुन्हा करा. फॉर्मेलिनमधली अंडी अगदी गोल राहत नाहीत. लांब बाजू शोधून मोजू नका. अंडं काचपट्टीवर जसं पडलं तसं, मायक्रोमीटरच्या आडव्या दिशेनेच मोजा. प्रत्येक अंड्याची लांब बाजू निवडलीत तर सगळे आकडे मोठे होतील.

आता वारंवारतेचा आलेख काढा. एकच उंचवटा असेल तर अंडी एकदमच सोडली जाणार. छोट्या अंड्यांच्या सलग ढिगातून दोन किंवा अधिक उंचवटे पुढे सरकलेले दिसले तर मासा खेपांनी वितो. राणीत यांतलं दुसरं, खेपांचं चित्र दिसायला हवं. दिसलं नाही तर आधी मोजमाप तपासा.

अंड्यांची संख्या काढायची असेल तर: ०.२ ग्रॅमच्या तुकड्यात ६४० अंडी आणि अंडाशय ४ ग्रॅम असेल तर ६४० × ४ ÷ ०.२ = १२,८००. पण ही 'वर्षाची अंडी' नव्हेत. खेपांनी विणाऱ्या माशात मोजायची असते ती एका खेपेची संख्या, म्हणजे फक्त सर्वांत पुढे गेलेल्या गटातली अंडी. वर्षात किती खेपा, हे बाजारातल्या नमुन्यावरून सांगता येत नाही, तेव्हा सांगू नका.

१०. नर-मादी प्रमाण: एक आकडा पुरत नाही

काय-वर्ग चाचणी (मोजलेली संख्या अपेक्षेपेक्षा योगायोगापलीकडे वेगळी आहे का, हे तपासणारी) करा, अपेक्षा १:१. सूत्र: (प्रत्यक्ष − अपेक्षित)² ÷ अपेक्षित, नर आणि मादी दोन्हींचं काढून बेरीज. उत्तर ३.८४ पेक्षा मोठं असेल तर ५ टक्के पातळीवर फरक खरा मानतात.

समजा ३० माद्या, २० नर. अपेक्षित २५-२५. (५² ÷ २५) दोनदा, म्हणजे २. फरक सिद्ध झाला नाही. आता ६० माद्या, ४० नर. प्रमाण अगदी तेच, १.५ ला १. पण (१०² ÷ ५०) दोनदा म्हणजे ४, फरक सिद्ध. म्हणून नुसतं प्रमाण लिहू नका, मोजलेली संख्याही लिहा. एखाद्या महिन्यात बारा मासे मिळाले असतील तर त्या महिन्याच्या प्रमाणावर मत देऊ नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे लांबीनुसार विभागणी. काल्पनिक आकडे घेऊ:

- १६ सेंमीपेक्षा लहान: ४५ माद्या, १५ नर (काय-वर्ग १५)
- १६ ते २० सेंमी: २८ माद्या, ३२ नर (०.२७)
- २० सेंमीपेक्षा मोठे: १७ माद्या, ४३ नर (११.२७)

बेरीज ९० माद्या, ९० नर. एकूण काय-वर्ग शून्य! 'प्रमाण १:१, फरक नाही' असं लिहून प्रकल्प संपला असता आणि खरी गोष्ट हातातून निसटली असती. तिन्ही गटांच्या काय-वर्गांची बेरीज २६.५४, त्यातून एकूणचा शून्य वजा केला तरी २६.५४, दोन मुक्तांशांना (तीन गट वजा एक) मर्यादा ५.९९. म्हणजे गट एकमेकांपासून खरोखर वेगळे आहेत. राणीच्या बाबतीत हे नुसतं काल्पनिक नाही: या माशात नर मोठे वाढतात, त्यामुळे लहान गटांत माद्या आणि मोठ्या गटांत नर जास्त भरणं अपेक्षित असतं. मालाची प्रत का लिहायची, ते इथे उलगडतं. मोठ्या प्रतीचा खोका घेतलात तर नर जास्त, लहान प्रतीचा घेतलात तर माद्या जास्त, आणि समुद्रात काहीच बदललेलं नसतं.

महिन्यानुसारही अशीच विभागणी करा. विणीच्या महिन्यांत प्रमाण हललं तर त्याची कारणं अनेक असू शकतात: नर-माद्या वेगवेगळ्या खोलीवर गेलेले, जाळ्याच्या आसातून लहान मासे निसटलेले, एका लिंगाचा मृत्युदर जास्त. यांपैकी नेमकं कोणतं, हे नाशिकच्या टेबलावर ठरत नाही. शक्यता म्हणून लिहा.

सावधान: मोठे मासे बहुतेक नर निघाले म्हणून 'मादीचं नरात रूपांतर होतं' असं लिहिण्याचा मोह आवरा. वाढीतला फरक हे साधं स्पष्टीकरण समोर असतं. लिंगबदल म्हणायचा तर एकाच जननग्रंथीत दोन्ही ऊती दाखवणारे ऊतीछेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) हवेत, आणि बर्फात बरेच दिवस राहिलेल्या माशाचे चांगले छेद मिळत नाहीत.

११. पहिल्या पक्वतेची लांबी

१ सेंमीचे गट करा, प्रत्येक गटात तिसऱ्या पायरीपासून पुढच्या माद्यांची टक्केवारी काढा आणि जिथे ती ५० ओलांडते तिथली लांबी लॉजिस्टिक वक्राने (टक्केवारीच्या बिंदूंना बसवलेल्या S आकाराच्या रेषेने) वाचा. एकच अट, पण कडक: फक्त विणीच्या महिन्यांतले मासे घ्या. हंगाम संपल्यावर विश्रांतीतली प्रौढ मादी डोळ्याला अपक्वच दिसते. वर्षभराचे मासे एकत्र केले तर लांबी उगाच वर जाते. त्याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं; असे आकार ठरवताना पक्वतेच्या लांबीचाच आधार घ्यावा लागतो. लांबी मोजण्याची पद्धत (खाचेपर्यंत की टोकापर्यंत) न लिहिता दिलेला आकडा दुसऱ्या कुणाच्याही कामाचा नाही.

१२. अहवाल लिहिताना

शीर्षकात 'अरबी समुद्रातील राणी' असं लिहू नका. 'नाशिक बाजारात आलेल्या, मुंबई बंदरावरच्या मालातील निमिप्टेरस जॅपोनिकस' असं लिहा. शीर्षक लांब होतं, होऊ द्या.

जून-जुलैच्या जागी आलेखात रेघ तोडा. मे आणि ऑगस्टचे बिंदू सरळ जोडलेत तर मधली रेघ तुम्ही न पाहिलेलं काहीतरी सांगते. त्याऐवजी मे अखेरीच्या माद्यांत पक्व अंड्यांचे किती गट होते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पाचव्या पायरीच्या माद्या किती होत्या, ते शब्दांत मांडा. ऑगस्टच्या पहिल्या खोक्यांत विलेल्या माद्या बऱ्याच असतील तर बंदीच्या काळात वीण झाली असण्याची शक्यता आहे, एवढंच लिहा.

दुसऱ्यांच्या निष्कर्षांशी तुलना करताना किनारा बघा. पूर्व किनाऱ्यावरचे विणीचे महिने आणि मुंबईकडचे महिने जुळायलाच हवेत असं काही नाही. जुळले नाहीत म्हणून आपले आकडे 'दुरुस्त' करू नका.

शेवटी कच्च्या नोंदी: प्रत्येक माशाची एक ओळ, खोक्याच्या क्रमांकासह, परिशिष्टात पूर्ण. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याने त्याच मासळीवालीकडून, त्याच पद्धतीने दुसरं वर्ष मोजलं तर दोन्ही वर्षं शेजारी ठेवता येतील; एका वर्षाच्या आकड्यांवरून हंगाम खरा की त्या वर्षाचा योगायोग, हे कळत नाही.